अंदमानला सत्तावीस नारळ

नियोजन कसं करावं हे माझ्याकडून शिका. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग असे हजारो प्रकार माझ्या ताब्यात आहेत. लाईट गेली तरी मी खणात हात घालतो आणि पाहिजे तोच वॉशर बोटाला लागतो. 'बघू, जाऊ कधीतरी' असला गचाळ कारभार आपल्याकडं नाही. अंदमानची सहल मी कागदावर अशी बसवली होती की विमान, बोट, हॉटेल, रिक्षा, सगळं आपापल्या खणात. तीन बेटं. पहिल्यावर विमान उतरतं, दुसऱ्यावर समुद्र चांगला, तिसऱ्यावर शांतता. चूक काढून दाखवा!

सहल कशासाठी, तेही सांगतो. माझी बायको रत्नमाला हर्सूलला आमच्या घरीच ब्लाउज शिवते. सोळा वर्षं झाली. दारात गिऱ्हाईक, तोंडात टाचण्या, गॅसवर दूध, आणि आतून माझ्या हाका. टॉवेल कुठंय, चष्मा कुठंय, माझा निळा शर्ट कुठंय. होय, अंधारात वॉशर शोधणारा तोच मी. यंदा आमची तनुजा दहावी झाली आणि सुट्टीला मामाकडं गेली. घर रिकामं झालं तशी रत्नमाला पहिल्यांदा काहीतरी मागती झाली.

"मला एक दिवस पाहिजे," ती म्हणाली. "पाण्यात पाय सोडून बसायचं. दिवसभर कुणी हाक मारायची नाय. आपण दोघंच जाऊ."

एवढंच. दागिना नाही, साडी नाही. सोळा वर्षांत एक दिवस. बाईनं सुट्टी मागितली की सगळे विचारतात, घरचं कोण बघणार? मी एवढ्या सुट्ट्या काढल्या, मला हे एकानंही विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही, ते सोडा. मी शब्द दिला.

आता फोनचा किस्सा. माझी माय, बानाबाई, गंगापूरच्या बाजूला गावी राहते. मेंढरं विकली, पण पाय अजून घरात टिकत नाही. निघायच्या आधी मायला सांगावं म्हणून फोन लावला. म्हटलं, माय, आम्ही बेटावर चाललोय.

इथंच माझं वाटोळं झालं.

आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात, आणि बेट म्हटलं की गंगेतलं बेट. तिथं मठ आहे, सप्ताह होतो, गावंच्या गावं जातात. दुसरं बेट आमच्या माणसांना ठाऊक नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडलेलंही नाही. माय एकदम खूष झाली. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा देवाधर्माला लागला म्हणाली. मी कारखान्यात उभा, मागं मशीन चालू, नीट ऐकूही येत नव्हतं. ती विचारत होती काहीतरी, मी म्हणालो, एक नाय माय, तीन बेटं हैत. त्यावर तिनं फोनच ठेवला. मला वाटलं रेंज गेली.

दोन दिवसांनी माय दारात. पांढरं लुगडं, कपाळाला बुक्का, आणि रिक्षातून उतरवलेली एक गोणी. गोणीत सत्तावीस नारळ.

गावात तिनं सांगून टाकलं होतं की माझा रामेश्वर तीन बेटं करायला निघालाय आणि मी बरोबर चाललेय. मग रिवाजाप्रमाणं प्रत्येक घरानं आपला एक नारळ दिला, आमच्या नावानं फोडा म्हणून. नारळावर निळ्या शाईनं नावंसुद्धा घातली होती. कडुबा. पारूबाई. लीलाबाई. आमचे चुलते मुंजाबा यांनी तर नारळावर नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं होतं. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून. वाजतगाजत मायला वेशीपर्यंत पोचवलं म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच खरं सांगायचं. सांगा तुम्ही! सत्तर वर्षांच्या बाईला म्हणा, सत्तावीस नारळ घेऊन गावात परत जा आणि सांग, माझा पोरगा देवाला नाही, मजा मारायला चालला होता. मला ते जमलं नाही. मी भित्रा माणूस आहे, कबूल. उद्या सांगतो म्हटलं. एजंटला फोन करून तिसरं तिकीट काढलं. उद्या आला, तेव्हा परत उद्या सांगतो म्हटलं.

रत्नमाला भांडली नाही. तिनं गोणीकडं बघितलं, मायच्या पाया पडली, चहा ठेवला. मला आत बोलावून एवढंच म्हणाली, "माझा दिवस कुठं ठेवलाय तेवढं सांगा."

दुसऱ्या बेटावर ठेवलाय म्हटलं. शपथ घेतली.

विमानतळावर आम्हाला सोडायला मेहुणा, इंद्रजीत, आला होता. काउंटरवरची पोरगी म्हणाली, गोणी चालणार नाही, बॅगेत घाला. आमच्यात नारळ मावतील एवढी बॅग एकच, रत्नमालाची लाल बॅग. तीत तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी शिवलेले तीन कुर्ते आणि समुद्रासाठी एक गुडघ्यापर्यंतची पॅन्ट होती. गिऱ्हाइकाचे कपडे बाजूला ठेवून शिवलेले. ते सगळे कपडे निघाले आणि इंद्रजीतच्या हातात गेले. बॅगेत नारळ बसले. मी स्वतः बसवले, उत्तम बसवले, एकही हलत नव्हता.

इंद्रजीत म्हणाला, "दाजी, तिकडं म्हणं नारळच नारळ हैत."

"तिथले तिथल्यांचे," मायनं त्याला गप्प केलं. "हे आपल्या गावचे."

आपल्या गावात नारळाचं एक झाड नाही. हे नारळ किराणा दुकानातले, आणि दुकानात कुठल्यातरी समुद्राकडूनच आलेले. म्हणजे समुद्राचे नारळ मी समुद्राला परत पोचवत होतो, बायकोचे कपडे बाहेर काढून.

हैदराबादला विमान बदललं. दुसऱ्या विमानात मायला खिडकी मिळाली. खाली दोन तास नुसतं निळं. माय म्हणाली, गंगेला यंदा लई पाणी आलंय. मी म्हणालो, व्हय माय, धरण भरलंय. रत्नमालानं माझ्याकडं बघितलं. शिलाई तिरपी गेली की ती कापडाकडं बघते तसं. उसवावी की राहू द्यावी, असा तो विचार असतो.

पहिलं बेट पाय टेकवण्यातच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं दुसऱ्या बेटावर आलो. धक्क्यावर उतरल्या उतरल्या मायनं पायरीशी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि तीर्थ म्हणून तोंडात घातलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं बोट लागली. मी लिंबाची गोळी दिली. ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

हॉटेलात आमच्या खोलीवर सजावट केलेली होती. टॉवेलचे दोन राजहंस, चोचीला चोच लावून, आणि भोवती जास्वंदीच्या फुलांचा बदाम. सहलींच्या जाहिरातीत असल्या खोलीत जी जोडपी हसत बसतात त्यांना आया नसतात, चुलते नसतात, गाव नसतं. ही माणसं उगवतात कुठं, हे मला एकदा बघायचंय. मायनं बदामाची सगळी फुलं वेचली, देवाला होतील म्हणून ओच्यात घेतली. हंस उलगडून एकानं तोंड पुसलं. मग खाली जाऊन मॅनेजरला विचारलं, मठ कुठंय?

मॅनेजर बंगाली. त्यानं एकदा 'मोठ?' म्हणून बघितलं, एकदा 'माठ?' म्हणून बघितलं, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "हां हां, माठ! पास में है, माँजी. आज तो बहुत लोग आएगा."

मी चाट पडलो. अंदमानात मठ? आणि आज गर्दी? क्षणभर मला वाटलं, देव आहे. भित्र्या माणसांचा वेगळा देव असणार, आणि तो मला पावला. म्हटलं, अर्ध्या तासात नारळ फोडू, माय खूष, आणि तिथून रत्नमालाला थेट समुद्रावर. नियोजन परत खणात बसलं! रिक्षा केली, लाल बॅग मांडीवर घेतली, निघालो.

रिक्षावाल्यानं आम्हाला उतरवलं ते फुटबॉलच्या मैदानावर.

बंगालीत माठ म्हणजे मैदान. हे मला त्या दिवशी कळलं, तुम्हाला फुकट सांगतोय. दोन बाजूला बांबूचे गोल, मध्ये दोन गाई, कडेला बाकं, आणि लाल व पिवळ्या बनियनमधले बाप्ये बुटांच्या नाड्या बांधत होते. दोन गावांची मॅच होती. मायनं सगळीकडं नजर फिरवली आणि माझ्याकडं वळली.

खरं सांगायची याहून चांगली जागा मिळाली नसती. आणि मी, माझ्या तोंडानं, म्हणालो, "मांडव उद्या घालणार हैत, माय."

रत्नमालानं बॅग माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली. "आत्याबाई," ती म्हणाली, "हे बेट ते बेट नाय. हितं मठ नाय, गंगा नाय. आम्ही फिरायला आलो होतो. ह्यांना सांगायची हिंमत झाली नाय."

मी डोळे मिटून घेतले.

"मला कळलंय की," माय म्हणाली. "सकाळी पाणी तोंडात घेतलं तवाच. गंगा कवा खारट असती का?"

मी विचारलं, मग मठ कशाला विचारत फिरत होतीस?

"सत्तावीस घरांचे नारळ हैत, रामा. कुठंतरी फोडाय लागतेल का नाय? आन म्हटलं बघू, पोरगं कवर रेटतंय." ती जराशी हसली. "लई रेटलं."

मग तिनं माझ्याकडं पाठ फिरवली आणि रत्नमालाला विचारलं की तिला नेमकं काय पाहिजे होतं. रत्नमालानं सांगितलं. एवढंच, पाण्यात पाय. माय म्हणाली, मग उभी कशाला, चल. आणि जाता जाता मला हुकूम झाला, नारळ तू फोड. नाव घेऊन फोड. नाव चुकलं तर त्या घराचा पोचत नाय. झाडांच्या पलीकडंच समुद्र दिसत होता. दोघी गेल्या.

मी गोलच्या खांबाजवळ एक दगड बघितला. पहिला मुंजाबांचा. नाव, बापाचं नाव, आडनाव घेतलं आणि फोडला. लाल बनियनवाला गोलकीपर धावत आला. मला वाटलं हाकलतोय. त्यानं हात जोडले! त्याला वाटलं, कमिटीनं मॅचच्या पूजेला माणूस बोलावलाय. त्यानं बाकीच्यांना बोलावलं. सगळे बूट काढून रांगेत उभे राहिले. मी कडुबा म्हटलं की ते कडुबा म्हणायचे. पारूबाई म्हटलं की पारूबाई. त्यांना तो मंत्र वाटला.

पाच झाले तेव्हा पिवळे आले. आमच्या गोलला का नाही, म्हणून. बरोबर होतं त्यांचं. मी बॅग घेऊन मैदान ओलांडून तिकडं गेलो, तिकडं फोडायला लागलो. लाल म्हणाले, आता आमच्याकडं. असं मी त्या उन्हात बॅग घेऊन इकडून तिकडं, तिकडून इकडं. मॅच सुरू व्हायच्या आधी मैदानात सगळ्यात जास्त मीच पळालो असेन. आणि शेवटी हिशोब लागेना. सत्तावीस! लालकडं चौदा, पिवळ्यांकडं तेरा. पिवळ्यांचा कॅप्टन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भेदभाव म्हणाला. बाहेरून आलेली माणसं नेहमी लालच्याच बाजूनं असतात म्हणाला. मी त्याला समजावलं की गावात सत्तावीसच घरं आहेत, अठ्ठावीसावं कुठून आणू? त्यानं वर बोट दाखवलं. मैदानाच्या कडेनं सगळी नारळाचीच झाडं होती. एक माणूस वर चढला, नारळ खाली आला. त्यावर नाव नव्हतं, आणि नावाशिवाय पोचत नाही. शेवटी मी रामेश्वर म्हणून फोडला. पिवळे एका सुरात रामेश्वर म्हणाले.

सुटलो असं वाटलं तर कमिटीनं मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. प्रमुख पाहुणा. गळ्यात हार. पाहुण्यानं मॅच संपल्याशिवाय उठायचं नसतं. झाडांमधून समुद्राची निळी पट्टी दिसत होती, त्यात दोन ठिपके. एक लाटेत, एक वाळूत. मी इथं घामानं निथळत, ज्या खेळातलं मला ढेकळ कळत नाही तो बघत. मॅच बरोबरीत सुटली. मग जादा वेळ. मग पेनल्टी. माझे पाय, माझी कंबर, माझा घसा, सगळं संपलं होतं. मग भाषण करा म्हणाले. मी हिंदीत दोन वाक्यं बोललो. त्यातलं एक होतं, मला जाऊ द्या.

दिवस मावळायला लागला तेव्हा दोघी मैदानाकडं आल्या. रत्नमालाची साडी कमरेपर्यंत भिजलेली, केसांत वाळू, तोंडावर ऊन. सोळा वर्षांत मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता. ओठ सैल होते. नेहमी टाचण्या धरून ते आवळलेले असतात, हे मला तेव्हा समजलं.

काय केलं म्हणून विचारलं. काही नाही म्हणाली. बसले. मायनं दुपारभर एक शब्द काढला नव्हता. मेंढरामागं आयुष्य गेलेली बाई, लांब नजर ठेवून दिवसभर गप्प बसायचं काम तिच्याइतकं कुणाला जमणार? उद्या तिसऱ्या बेटावर पण आम्ही दोघी तशाच बसणार आहोत, रत्नमाला म्हणाली.

मला जरा लागलं. मी म्हणालो, मैदान काही लांब नव्हतं. एक हाक मारायची ना मला.

रत्नमालानं पदर पिळला. पाणी माझ्या बुटावर पडलं.

"मारली असती," ती म्हणाली, "पण तुम्ही आला असता."

हॉटेलवर येईपर्यंत रिक्षात मी हे वाक्य दहा वेळा मनात म्हणून बघितलं. माय कोपऱ्यात बसून झोपली होती, रत्नमाला बाहेर बघत होती. वाक्यात शिवी नाही. आवाजात राग नव्हता. पण मला नेमकं कुठं फोडलं, हे काही सापडेना.