पारोशी बाजू

आमच्या गल्लीतली झाडं अर्धीच आंघोळ करत. डावी बाजू धुतलेली, हिरवीगार. उजवी कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली. नवा पाहुणा पेरूच्या झाडाकडे दोनदा पाहायचा आणि मग स्वतःचा चष्मा पुसायचा. ही करामत आमचे शेजारी रामटेके सर यांची.

सर भद्रावतीहून रोज एस.टी.नं चंद्रपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला जात. शिवाय पीएच.डी. करत होते. विषय होता झाडांवरची धूळ. खाणी जवळच असल्यामुळे विषय घरपोच मिळायचा. सकाळी ओलं फडकं घेऊन ते प्रत्येक झाडाची डावी बाजू पान न् पान पुसत. उजवीला कोणी बोट लावलं की ओरडत, "पारोसं राहू द्या!" गल्लीत टीव्ही एकच होता, पण करमणुकीला सर पुरत.

"धूळ बसली का पान आतून तडफडते," ते मला कुंपणावरून समजावत. "जो ऑक्सिजन जगवते, तोच मंग जाळून राह्यते. मुळं बिचारी खतपाणी वर पाठवते, पण पानाले जेवणच उतरत नाई!" मग माझ्याकडे रोखून बघत, "तुम्हाले उतरते ना?" हा प्रश्न ते पोस्टमनलाही विचारत.

माझ्या सासूबाईंशी त्यांचं वाजलं ते तुळशीवरून.

"देवाले अर्धी आंघोळ घालते काय कोणी?"

"पाणी मुळाशी घाला ना, बाई. पानावर काऊन?"

शेवटी तह झाला. सासूबाई प्रदक्षिणा घालताना धुतलेल्या बाजूला हात जोडत आणि पारोशी बाजू आली की मान फिरवून झपाझप पुढे सरकत. एकदा हमीदभाई टेलरच्या बकरीनं पेरूची खालची पानं फस्त केली, तीही नेमकी धुतलेल्या बाजूची. आता भांडण होणार म्हणून आम्ही सगळे दारात आलो, तर सर हमीदभाईंचा हात हलवून अभिनंदन करत होते. "तुमच्या बकरीले माझा विषय समजला, भाऊ. कॉलेजात अजून कोणाले समजला नाई."

सरांची बायको सुमनताई कुरखेड्याला माहेरी होती. तिला दमा, इथली धूळ तिच्या छातीत बसायची. "हवापालटाले गेली," असं सर सांगत; त्या हवापालटाला वर्ष होत आलं होतं. सासूबाई भांडत भांडत रोज सरांना भाजीची वाटी पाठवत आणि ती अर्धी परत येई. "तुम्हालाच उतरत नाही वाटतं," असं मी म्हटलं की सर लगेच पानांचं काहीतरी सांगू लागत.

मार्चअखेर दोन्ही बाजूंची पानं खुडून तपासायला न्यायची होती. तोवर उजवी बाजू पारोशी राहिली तरच प्रयोग, नाहीतर वर्ष फुकट. धुळवडीला पोरं पिचकाऱ्या घेऊन आली, तेव्हा सर छत्री उघडून पेरूपुढे उभे राहिले. पेरू कोरडा राहिला, सर मात्र आठवडाभर कानामागे गुलाबी होते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी बाहेर आले, तर सर स्टुलावर चढून पेरूची उजवी बाजू पुसत होते. तुळसही दोन्हीकडून लख्ख झाली होती.

"सर! अहो, ही पारोशी बाजू!"

"उद्याच्या बसनं सुमन येऊन राह्यली," ते वळून न बघता म्हणाले. "चार दिवस राहून पाहतो म्हणते. जमलं तं इथीच राहीन म्हणे."

"आणि पानं? पुढच्या आठवड्यात न्यायची होती ना?"

"पुढच्या साली नेऊ. तिले खोकला लागला का परत पाठवा लागते."

"पण पानं पुसून हवेतली धूळ थोडीच जाणार? संध्याकाळी परत बसेल."

"मले नाई माहीत काय?" सर हळूच म्हणाले. फडकं थांबलं नाही. "हाताले लागते तेवढी तं काढू द्या."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. धुतलेल्या तुळशीकडे त्यांनी पाहिलं, सरांकडे पाहिलं. आता टोमणा येणार, असं मला वाटलं. पण त्या आत जाऊन दुसरं फडकं घेऊन आल्या आणि पदर खोचला.

"वरचं तुम्ही घ्या, सर. खालचं मी पुसतो." मग माझ्याकडे वळून, "अन् तू आयक, उद्या वाटी नाई पाठवायची. दोघांचा डबा भरजो."

"तिखट कमी टाका, बाई," सर स्टुलावरून म्हणाले. "तिले ठसका लागते."