मौनाचे साठ किलोमीटर

एक भडक पिवळं जॅकेट.

"झोपेतसुद्धा बोलते ही! परवा उशीला फलाट क्रमांक सांगत होती!"

बारा केळी.

घरी जायची घाई झालेला एक डॉक्टर.

सूर्यास्त : सहा वाजून एकेचाळीस मिनिटं.

हे सगळं एकाच बाईच्या एकाच रविवारात कसं मावलं, ते ऐका. ही बाई बसस्टँडवर घोषणा करते. बावीस वर्षं. कोणती गाडी कुठे लागली, कोणाची छत्री सापडली, कोणी नळ उघडा ठेवला, सगळं तिच्या तोंडून. स्टँडवर तिला भोंगाताई म्हणतात, आणि घरी आल्यावर भोंगा बंद होतो असा कोणाचाही अनुभव नाही.

शनिवारी जेवताना तिने जाहीर केलं, "उद्या मी समुद्राकाठच्या रस्त्यानं सायकलवर जाणार. एकटी. साठ किलोमीटर! आणि दिवसभर तोंडातून एक अक्षर काढणार नाही!"

नवऱ्याच्या हातातला चमचा वाटीत पडला. नणंदेला हसून हसून ठसका लागला.

"वहिनी, तू? अगं, तू पंक्चर काढणाऱ्याला चाकाची वंशावळ सांगशील!"

"लाव पैज!"

"लावली! जिंकलीस तर दर महिन्याचा एक रविवार तुझा एकटीचा. कुठे चाललीस म्हणून कोणी विचारणार नाही. हरलीस तर यापुढे तू जाशील तिथे आम्ही सगळे जीपनं मागोमाग. आईसकट!"

"मंजूर!"

"आणि लिहून दाखवणं, फोन करणं हेही बोलणंच. खुणा चालतील. सूर्य मावळेपर्यंत."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "एवढा वेळ गप्प राहिली तर आधी डॉक्टरला दाखवा."

तर रविवारी सकाळी अकरा वाजता भोंगाताई बावीस किलोमीटर पार करून मजेत चालली होती. डावीकडे समुद्र, पाठीला वारा, पिवळं जॅकेट फुग्यासारखं फुगलेलं. एक कुत्रा अर्धा किलोमीटर सोबत धावला. त्याच्याकडे पाहून तिने नुसती मान डोलावली! आपल्या संयमाचं तिला इतकं कौतुक वाटलं की ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

पांढरी मोटार. टपावर फिरता दिवा आणि पाटी : 'शेवटचा स्पर्धक'. तिच्या मागे रुग्णवाहिका.

"दोनशे बारा नंबर!" कर्णा गरजला. "शाब्बास! आम्ही आहोत मागे!"

झालं होतं असं, की त्या दिवशी त्याच रस्त्यावर सायकलची शर्यत होती. स्पर्धकांना पिवळी जॅकेटं. दोनशे अकरा जण केव्हाच पुढे गेले होते आणि दोनशे बाराव्याचा पत्ता नव्हता. शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत त्याच्या मागे राहायचं, हे मोटारीतल्या संयोजकबाईंचं काम. त्यांना रमतगमत चाललेलं एक पिवळं जॅकेट सापडलं!

भोंगाताईने खूण केली. स्वतःकडे बोट : मी. जोरात हात हलवला : नाही. रस्त्याकडे बोट : तुम्ही व्हा पुढे.

संयोजकबाईंचा ऊर भरून आला. "ऐकलंत? त्या म्हणतायत, मी हार मानणार नाही, पुढे जाऊन सगळ्यांना सांगा!"

आणि त्यांनी खिडकीतून केळं दिलं.

ती खडकावर टेकली, तर घरी जायच्या घाईत घड्याळ बघत रुग्णवाहिकेतला डॉक्टर धावत आला. "जीभ दाखवा." तिने दाखवली. "काय होतंय?" तिने हात जोडले. डॉक्टर गंभीर झाला. "जीभ शाबूत आहे, पण वाचा गेलीय!"

"त्यांची वाचा गेलीय!" कर्ण्यावरून समुद्रालाही कळलं. "तरी त्या थांबत नाहीत!"

आता थांबणार कशी? थांबलं की डॉक्टर, मान हलवली की केळं. वर संयोजकबाई माईक ओठांना चिकटवून बोलत होत्या, अर्धे शब्द गिळत होत्या. बावीस वर्षांच्या अनुभवाला ते ऐकवेना! भोंगाताईने दात आवळले आणि पाय मारत राहिली.

चार वाजेपर्यंत मागे सात स्कूटर आणि एक ट्रॅक्टर लागला. ट्रॅक्टरवरची आजी ओरडत होती, "पोरी, मार पाय! मी आहे!" एकटीचा दिवस म्हणतात तो हा. जीप परवडली असती.

सहा छत्तीसला मैदान आलं. तिच्यासाठी शर्यतीची कमान अजून उतरवलीच नव्हती! टाळ्या, शिट्ट्या, गळ्यात पदक. आणि संयोजकबाईंनी तिच्या हातात माईक ठेवला.

"दोन शब्द बोला!"

पाच मिनिटं बाकी.

माईकचा लाल दिवा लागला. भोंगाताईचा घसा आपोआप मोकळा झाला, छाती भरली, ओठ उघडले... तिने ते हाताने मिटले. डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रांगेतला एक पैलवान रडायला लागला, मग त्याची बायको, मग डॉक्टर. सूर्य अर्धा राहिला. पाव राहिला. नखाएवढा राहिला.

गेला.

"मी स्पर्धेत नव्हतेच!"

आणि मग जो बांध फुटला! पैज, नणंद, जीप, बारा केळी, डॉक्टरला दाखवलेली जीभ, सगळं, न थांबता, पंचवीस मिनिटं. "आणि ताई, माईक ओठांपासून चार बोटं लांब धरायचा असतो!"

मैदान हसून गडबडा लोळलं. दोनशे बारा नंबरच्या गृहस्थांना फोन लावला. ते दुपारीच घरी जाऊन झोपले होते. भोंगाताई पदक परत द्यायला गेली, तर संयोजकबाईंनी तिचे हात धरले. "ठेवा हो! नाहीतर आज आम्ही कोणाच्या मागे आलो असतो?" आजी ट्रॅक्टरनं तिला सायकलीसकट घरी सोडायला निघाली आणि वाटभर एक शब्दही मध्ये बोलू शकली नाही.

नणंदेनं मुकाट्यानं कॅलेंडर काढलं आणि दर महिन्याच्या एका रविवाराला लाल गोल केला.

पैजेच्या त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिल्याच वळणावर समुद्र दिसला, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि भोंगाताई खणखणीत आवाजात म्हणाली होती, "अगं बाई, केवढा हा!"