आप्पा रंगाऱ्याचं कोर्ट

आमचे शेजारी आप्पा रंगारी डोक्यावर पटका असला की सरकारी वकील असत, आणि पटका काढला की आरोपीचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण सूत रंगवायच्या हंड्यापुढं बसून ते रोज सकाळी एकच खटला चालवत.

खटला मात्र खराच होता. राज्य इंग्रजांचं, तरी आमच्या गावाला म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीची हौस दांडगी. बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून मतपेट्यांना रंग दिलेले. अध्यक्ष दादासाहेबांची पेटी हिरवी, विरोधकाची निळी. रंगवायला दिल्या आप्पांकडे. "आप्पाचा रंग, त्यात बघायचं काय?" म्हणून दादासाहेबांनी त्या तशाच शाळेत पाठवल्या. मतदानाला जाऊन पाहतो तर दोन्ही मोरपंखी! कुणाचं मत कुठं पडलं, देव जाणे.

दादासाहेब निवडून आले आणि बोंबाबोंब झाली. खुर्ची गेली, वर बेळगावच्या कोर्टात खटला. कारण आप्पांनी पोलिसांना ठासून सांगितलं होतं, "म्या निळी निळीच दिलती, हिरवी हिरवीच." म्हणजे मागाहून रंग फासला तो दादासाहेबांनीच!

"अध्यक्ष झाला म्हणून कायदा काय त्याच्या घरचा? घाला आत!" पटका सावरत आप्पा गरजत. मग पटका मांडीवर येई. "पर साहेब, त्यानं केल्यालं बघितलं कुणी? खुर्चीवरनं उतरला की माणूस समद्यांस्नी चोरच दिसतोय."

"आप्पा, तुमचं स्वतःचं मत काय?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, म्या साक्षीदार. साक्षीदाराला मत नसतंय," म्हणाले आणि हंडा ढवळत राहिले. मला माणूस पक्का ढोंगी वाटला.

सुनावणी जवळ आली तसा पटका मांडीवरच जास्त दिसू लागला. कोर्टात साक्षीला उभं राहतानाही त्यांनी तो काढला. समोर दोन्ही पेट्या होत्या.

"साहेब, ह्यातली निळी कंची, मला सांगता येत न्हाय. रंगवतानाबी येत नव्हतं. डोळं गेल्यात माझं, निळं-हिरवं समदं एकच दिसतंय. रंगाऱ्यानं ह्ये कुणाला सांगायचं? म्हणून खोटं बोललो. ह्या माणसाचा गुन्हा एकच, माझ्यावर लई इस्वास."

दादासाहेब सुटले. आप्पांना कोर्टानं तंबी देऊन सोडलं; शिक्षा दिली ती गल्लीनं. विणकर आपलं सूत दुसरीकडे नेऊ लागले. हंडा थंड, वकिली बंद. त्यांना ढोंगी म्हटल्याची मला लाज वाटली.

महिन्याभरानं दादासाहेब स्वतः सुताची गठडी घेऊन आप्पांच्या दारात आले. आप्पा पटका हातात घेऊन उभे राहिले.

"कंचा रंग देऊ, दादासाहेब?"

"तुला दिसंल त्यो."