एकशे बारा पाहुणे आणि एक पंखा

लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी आपल्याला एकशे बारा फोन सांभाळावे लागतील, हे लॉर्ना व्हिटकॉम्बला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. तेव्हा ती व्हर्ननच्या मिशांवर भाळलेली होती.

फोन राहायचे कपडे धुवायच्या खोलीत, चपलांच्या रॅकवर, ओळीने. सगळे जुने. कुणाची काच तडकलेली, कुणाला पाठच नाही. त्यांना जन्मभर एकच काम होतं, जाहिराती बघायच्या. टूथपेस्टची संपली की टायरची, टायरची संपली की कुत्र्याच्या बिस्किटांची. जाहिरात देणाऱ्यांना वाटायचं, एकशे बारा माणसं डोळे फाडून बघताहेत, आणि त्याचे ते व्हर्ननला पैसे द्यायचे. खरं तर त्या खोलीत एक वॉशिंग मशीन होतं आणि तेही भिंतीकडे तोंड करून उभं होतं. प्रत्येक फोनला व्हर्ननने माणसाचं नाव दिलं होतं, नेब्रास्कातल्या त्याच्या आईच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून; ती नावं त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस या सगळ्याला 'शेती' म्हणायचा.

"शेतकरी पहाटे स्वतः उठतो," लॉर्ना म्हणायची. "तू मला उठवतोस."

कारण शेतीत राबणारी तीच होती. स्क्रीनवर निळं बटण आलं की फोन ते आपोआप दाबतील, अशी सोय व्हर्ननने केली होती. पण अर्ध्या-अर्ध्या तासाने कुठला तरी फोन विचारायचा, 'तुम्ही अजून बघताय ना?' आणि त्या प्रश्नाचं बटण होतं करडं. ते हातानेच दाबावं लागे. लॉर्ना हातात ओले मोजे घेऊन दिवसभर एकशे बारा जणांना सांगत फिरायची की हो बाबांनो, आहे, अजून आहे. तिला स्वतःला मात्र असं कुणी विचारत नव्हतं.

म्हणूनच मार्चच्या बैठकीत तिने हात वर केला. पाइन फोर्कच्या अग्निशमन दलाचा पॅनकेकचा नाश्ता दरवर्षी होतो आणि गेली एकोणीस वर्षं तो ॲग्नेस क्रँडलच घालत आली होती. यंदा त्यातल्या देणग्यांतून बंबाचा खोकणारा पंप दुरुस्त करायचा होता.

"मी करते या वेळी," लॉर्ना म्हणाली.

ॲग्नेसने चष्मा नाकावर खाली घेतला.

"कर की गं. माझं काय जातंय? पण टेबलं रिकामी राहिली, तर हॉलच्या चाव्या परत माझ्याकडे. कायमच्या."

"चालेल," लॉर्ना म्हणाली.

मग तिने आयुष्यातलं पहिलं धाडस केलं. इंटरनेटवर जाहिरात दिली, गावाच्या आसपास दहा मैलांत दिसेल अशी. मजकूर लिहिला, पॅनकेकचा फोटो लावला आणि खाली छानसं गुबगुबीत बटण ठेवलं, 'हो, मी येणार!' रंग कुठला? अर्थात निळा. तिला निळा आवडायचा.

दोन दिवसांत एकशे अठरा जण 'येणार' झाले.

"व्हर्नन! एकशे अठरा!" ती ओरडतच धुण्याच्या खोलीत शिरली.

"वा, वा," व्हर्नन मान वर न करता म्हणाला. "जरा खालच्या रांगेतला तो चार्जर खोच ना."

नावं मात्र अनोळखी होती. वांडा पिकरिंग, एल्मर स्ट्राउड, ओडेसा फिंच. लॉर्नाने ठरवलं, ही हायवेपलीकडच्या नव्या घरांतली मंडळी. बिचाऱ्यांना गावात कुणी ओळखत नसेल! म्हणून तिने बसून 'नमस्कार, माझं नाव' असे छातीवर चिकटवायचे कागद स्वतःच्या हाताने लिहिले. एकशे अठरा. शेवटच्या वीसेक नावांना तिचं अक्षर रडकुंडीला आलं होतं.

शनिवारी सकाळी पीठ बादल्यांत भरून झालं. व्हर्नन खुर्च्या मांडायला पुढे गेला होता. निघता निघता लॉर्नाला आठवलं की हॉलमध्ये तव्यांचा धूर कोंडतो. धुण्याच्या खोलीत कोपऱ्यात मोठा पंखा फिरत होता. मोज्यांना कशाला हवा वारा? तिने तो उपटला आणि गाडीत टाकला.

आठ वाजता हॉलचं दार उघडलं. दलाचे सात जवान ॲप्रन बांधून मदतीला उभेच होते. पाद्री आले. दलाचा प्रमुख, चीफ रस्टी, त्याची आई आली. जुनी पोस्टमास्तरीण आली. ॲग्नेस आपल्या दोन बहिणींना घेऊन आली. झाले सहा.

सव्वाआठला लॉर्नाने दाराबाहेर डोकावून पाहिलं. रस्त्यावर एक खार होती.

"ट्रॅफिकमध्ये अडकले असतील," ॲग्नेस सिरप ओतत म्हणाली. आख्ख्या गावात एक सिग्नल होता, तोही पिवळाच लुकलुकायचा.

साडेआठ वाजले. पीठ बादल्यांत फुगून वर येऊ लागलं. ॲग्नेसने पर्समधून रिकामी की-चेन काढली आणि टेबलावर ठेवली, अगदी हळूच. करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून व्हर्नन दाराजवळचे चिकटवायचे कागद चाळायला लागला.

"वांडा पिकरिंग," त्याने वाचलं आणि तो थांबला. "एल्मर स्ट्राउड..." त्याच्या मिशा पडल्या. "लॉर्ना, जरा बाजूला ये."

"इथंच बोल."

"वांडा म्हणजे... वरच्या रांगेतली. डावीकडून तिसरी. तडकलेली काच."

लॉर्नाला समजायला एवढा वेळ लागला की तव्यावरचा पॅनकेक काळा झाला.

"सगळे?"

"सहा सोडून."

ती ओरडली नाही. ओरडायला अंगात जोर लागतो. ती खुर्चीत बसली आणि उलथनं मांडीवर ठेवलं.

"म्हणजे रोज कुठे ना कुठे, कुणीतरी बाई बादल्या भरून पीठ कालवते आणि दाराकडे बघत बसते," ती म्हणाली. "आणि आत बटण दाबत मी असते."

"टायर कंपन्या पीठ नाही गं कालवत..."

"व्हर्नन."

"हो."

"गप्प बस."

तेवढ्यात हॉलमधल्या सातही जवानांच्या कमरेचे पेजर एकदम किंचाळले. चीफ रस्टीने आपला वाचला आणि मग लॉर्नाकडे पाहिलं.

"मेपल स्ट्रीट. धूर. लॉर्ना, तुझंच घर."

"फोन!" व्हर्नन उडालाच. "पण ते तापतात म्हणून तर मी तिथे पंखा..." आणि त्याची नजर तव्यामागे भरभर फिरणाऱ्या पंख्यावर गेली. लॉर्नाची पण गेली. एकतीस वर्षांत त्या दोघांनी इतक्या एकमताने कशाकडेच पाहिलं नव्हतं.

बंब निघाला, जवान ॲप्रनसकट निघाले आणि भोंगा वाजला. पाइन फोर्कमध्ये भोंगा वाजला की घरात कुणी थांबत नाही. अंगावर असतील त्या कपड्यांत माणसं गाडीत बसतात आणि बंबामागे सुटतात.

आग म्हणण्यासारखी नव्हती. धुण्याच्या खोलीत प्लास्टिकचा रॅक वितळला, मोजे गेले, आणि वांडा, एल्मर, ओडेसा वगैरे सगळ्यांचा मिळून एक काळा लगदा झाला. दहा मिनिटांत सगळं विझलं. पण अंगणात शंभरावर माणसं उभी होती, पायजम्यात, पोटं रिकामी, आणि जवानांच्या ॲप्रनना येणारा लोण्याचा वास हुंगत.

"लॉर्ना," चीफ रस्टी हळूच म्हणाला, "ते पीठ अजून आहे?"

पंधरा मिनिटांत तवे, बादल्या, सिरप सगळं अंगणात आलं. चिकटवायचे कागदही आले, कारण हात मोडेपर्यंत लिहिलेलं फुकट घालवायला लॉर्ना तयार नव्हती.

"ज्याला खायचंय त्याने छातीवर नाव लावायचं!" तिने उलथनं उगारलं. "कुठलंही चालेल!"

चीफचा बूट देणगीसाठी हातोहात फिरला आणि परत आला तेव्हा रस्टीला तो दोन हातांनी उचलावा लागला. पंपाचा खर्च सुटला. 'ओडेसा फिंच' म्हणून पाद्रीबुवा चार पॅनकेक खाऊन गेले.

मंगळवारी व्हर्ननला जाहिरातवाल्यांची मेल आली. तो स्वयंपाकघरात येऊन पडलेल्या आवाजात वाचू लागला, "आमच्या तपासणीनुसार वांडा पिकरिंग व इतर एकशे अकरा व्यक्ती अस्तित्वात नसल्याने आपली सर्व खाती बंद..."

लॉर्नाने फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे गावच्या साप्ताहिकातला फोटो लावला होता. पहिल्याच रांगेत ॲग्नेस क्रँडल, तोंडात पॅनकेक, छातीवर 'वांडा पिकरिंग'.

व्हर्ननचे डोळे चमकले. "अगं, हा त्यांना पाठवला तर..."

"नाही."

"नाही," व्हर्ननने मान डोलावली आणि तो मुकाट्याने उरलेसुरले मोजे धुवायला गेला.

दुपारी ॲग्नेसचा फोन आला.

"चाव्या राहू देत तुझ्याकडेच," ती घसा खाकरत म्हणाली. "पण एक सांग गं. एकोणीस वर्षं मी डोकं फोडलं, पन्नासाच्या वर कधी गेले नाही. तू एवढी माणसं आणलीस कशी?"

लॉर्ना खुर्चीत टेकली. धुण्याच्या खोलीतून कुणीही काही विचारत नव्हतं.

"काही नाही, ॲग्नेस," ती म्हणाली. "पंखा काढला."