पालची पंगत

तोताराम आबांना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. बसलेलं म्हणजे खुर्चीवर नाही, बाकावर नाही, जिन्याच्या पायरीवरसुद्धा नाही. जळगावच्या आमच्या तेलगिरणीच्या ऑफिसात ते सुपरिंटेंडेंट होते. त्यांना टेबल होतं आणि टेबलामागे वेताची चांगली खुर्ची होती. त्या खुर्चीवर त्यांची टोपी बसायची. आबा शेजारी उभे. चहा उभ्यानं, भाकरी खिडकीपाशी उभ्यानं, सहीसुद्धा वाकून.

यावर ऑफिसात दोन मतं होती. एक मूळव्याधीचं आणि दुसरं नवसाचं. आमचा टायपिस्ट सोनवणे मूळव्याधवाला. त्यानं एकदा धीर करून आबांना सुरणाची भाजी सुचवली. आबा म्हणाले, "माझी आई पण करायची, छान लागते." विषय संपला. गेटवरचा म्हातारा वॉचमन मात्र सांगायचा की पूर्वी आबा बसायचे. त्याला दुपारनंतर काहीही आठवायचं, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही.

आता गंमत बघा. जो माणूस स्वतः बसत नाही, त्याला अख्ख्या जगाला बसवायचं वेड! कोणी कुठं बसावं, कोणाशेजारी बसावं, तोंड कुठं करून बसावं, यावर आबांचा जन्म चाललेला. "बठ्ठं बठानावर शे, भाऊ," असं ते म्हणायचे. म्हणजे सगळं बसण्यावर आहे. आबा मूळचे धुळ्याकडचे. ऑफिसात चांगलं शहरी बोलायचे, पण मुद्द्यावर आले की अहिराणी बाहेर पडायची.

लग्नात ते व्याह्यांना उठवून दुसरीकडे बसवत. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं, पण आबा दारावर, म्हणजे दुखवट्याला, गेले तरी गप्प राहत नसत. आमच्या एका हमालाची आई गेली, तिथं ऑफिसातले सगळे भेटायला गेलो. आबांनी पाच मिनिटं उभं राहून निरखलं, आणि त्या रडणाऱ्या हमालाला खांद्याला धरून उठवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी म्हटलं, आबा, हे काय चालवलंय? कानाशी येऊन म्हणाले, "दाराकडे तोंड करून बसला का जो येईल त्याला बघून पुन्हा पहिल्यापासून रडते. किती रडंल बिचारा? थकला तो."

खरंच थकला होता तो. भिंतीकडे बघून त्यानं दिवसभरातला पाण्याचा पहिला घोट घेतला.

आबांचा मूळ सिद्धांत असा, की समोरासमोर बसलेला माणूस भांडतो आणि शेजारी बसलेला बोलतो. पुरावा काय, तर पंगत. "पंगतीत शेजारच्याशी भांडण झालेलं ऐकलंय का कधी?" मी म्हटलं, वाढप्याशी होतं. "होतंच! वाढप्या समोर असते ना!"

पण हे वेड नुसतं वेड नव्हतं. गिरणीचे मोठे शेठ मी नोकरीला लागायच्या आधीच वारले होते. मागं दोन मुलं, पारसभाऊ आणि विमलभाऊ. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, गावात मान. वडील गेले आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. विमलभाऊंना नवी यंत्रं हवी होती, पारसभाऊंना जुनीच पुरे वाटत होती. एकाच मोठ्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसायचे, मध्ये आबा उभे. "आबा, त्यांना सांगा, शेंगा घ्यायची वेळ निघून चालली." "आबा, त्यांना म्हणावं, जुन्या घाण्यात माझ्या शेंगा जाणार नाहीत." हाताच्या अंतरावरचा माणूस सगळं ऐकत असायचा. तरी आबा वळून शब्द न शब्द पोचवायचे, वर आवाज थोडा मऊ करून.

दोघांच्या होकाराशिवाय खरेदी होईना. दिवाळी झाली, सगळीकडे शेंगांचा हंगाम सुरू झाला, आणि आमचं गोदाम रिकामं. हमाल सकाळी येऊन गेटपाशी बसत आणि संध्याकाळी उठून जात. दोघं भाऊ एका मताला आले नाहीत तर गिरणी जाणार, हे वॉचमनलासुद्धा कळत होतं. दुपारनंतरसुद्धा.

अशात विमलभाऊ मुंबईहून कसलासा कोर्स करून आले. तिथं त्यांना सांगितलं होतं, की मोठ्या कंपन्यांची वरची मंडळी वर्षातून एकदा ऑफिस सोडून थंड हवेच्या ठिकाणी जातात आणि कंपनीचा विचार करतात. हे त्यांनी आबांमार्फत पारसभाऊंना कळवलं. पारसभाऊंनी आबांमार्फत विचारलं, "विचार करायला गावाबाहेर जातात, तर गावात काय करतात?" पण नाही म्हणाले नाहीत. आबांनी तेवढं धरलं. त्या दिवशी ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मोठे शेठ जाताना मला एकच बोलले होते. तोताराम, दोन्ही पोरांना एकत्र बसवजो. आता बसवतो."

मग सुरू झाली तयारी. आधी जागा. मी चाळीसगावचा, म्हणून पाटणादेवी सुचवली. आबा म्हणाले, देवीपुढं माणूस मागते, आपल्याला तर दोघांनी द्यायला पाहिजे. सोनवणेनं उनपदेवचे गरम पाण्याचे झरे काढले. "गरम पाण्यात बसवून थंड डोक्यानं बोला म्हणू का?" तोरणमाळ लांब पडत होतं. शेवटी रावेरच्या वर, सातपुड्यातलं पाल ठरलं. तिथल्या फॉरेस्टच्या बंगल्याला डोंगराकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा होता. आबा जाऊन बघून आले. "व्हरांडा पंगतीचा आहे," असा शेरा त्यांनी दिला.

नंतर तालीम. हो, तालीम! रिकाम्या गोदामात बारदान अंथरून आबांनी आम्हा कारकुनांना संचालक म्हणून एका ओळीत बसवलं. मी पारसभाऊ, सोनवणे विमलभाऊ. समोर नुसती भिंत. "बोला काहीतरी." काय बोलणार, डोंबल? आबा मागं उभे. पण थोड्या वेळानं काय झालं कोण जाणे, मी सोनवणेला माझ्या मेहुण्याबद्दल सांगायला लागलो. आजवर बायकोलासुद्धा न सांगितलेलं सगळं सांगितलं. मग सोनवणेनं त्याच्या दुसऱ्या मुलीच्या पायाचं सांगितलं, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. उठलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघेना. आबा मात्र खूश. "जमलं," म्हणाले.

जाण्याच्या दिवशी अँबॅसिडरमध्ये मागच्या सीटवर दोन भाऊ आणि त्यांच्या मधोमध धुळ्याचे जिजाजी, म्हणजे त्यांच्या बहिणीचे यजमान आणि तिसरे संचालक. हे भाऊंना मान्य होतं. मागून जीपमध्ये आबा, गिरणीचे इंजिनिअर आणि मी. पण सावद्याला चहाला थांबल्यावर आबांनी जिजाजींकडे काळजीनं बघितलं. "पावणं, तुमचा चेहरा उतरला. गाडी लागते का?" जिजाजींना जन्मात गाडी लागली नव्हती. पण तीनदा विचारल्यावर कोणालाही मळमळतं. त्यांना आमच्या जीपमध्ये पुढं वाऱ्याला बसवलं आणि दोन भाऊ मागच्या सीटवर एकटे राहिले. रावेरच्या केळीच्या बागांमधून पुढं ती गाडी चाललेली, आणि मागून आबा जीपची दांडी धरून, अर्धे उभे, तिच्या काचेतून दोन डोकी बघत होते. दोन्ही डोकी आपापल्या खिडकीकडे वळलेली होती.

पालला विमलभाऊंना गोल टेबल आणि फळा हवा होता. कोर्सात तसं सांगितलं होतं म्हणे. टेबल आबांनी आदल्या दिवशीच चौकीदाराच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. फळा मांडला, पण पाठीमागं. व्हरांड्यात एक लांब सतरंजी, तिच्यावर ओळीनं पारसभाऊ, विमलभाऊ, जिजाजी आणि आमचे इंजिनिअर. समोर सातपुडा. वृत्तांत लिहायला मी खांबाशी. कंपनीचे चार कर्तेधर्ते पत्रावळीची वाट बघत असल्यासारखे बसले होते. मला हसू येत होतं आणि थंडीनं दातही वाजत होते.

विमलभाऊ अधूनमधून मान वळवून पाठीमागच्या फळ्याकडे बघत होते. बंगल्यामागं आबांनी गोवऱ्या पेटवून कणकेच्या बट्ट्या भाजायला घातल्या होत्या. पारसभाऊ दिवस मावळल्यावर जेवत नसत, म्हणून घाई. तो वास व्हरांड्यात आला.

पारसभाऊ डोंगराकडे बघत म्हणाले, "बाबूजी मुठीनं बट्टी फोडायचे."

विमलभाऊ म्हणाले, "डाव्या मुठीनं."

मी पेन्सिल खाली ठेवली. दोन वर्षांत आबांना मध्ये न घेता बोललेले हे पहिले शब्द होते. आबा कोपऱ्यावर चिमटा हातात धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. धूर होता, पण एवढा नव्हता.

मग बोलणं वाहायला लागलं. बाबूजींचा राग, बाबूजींची शीळ, आईची तीर्थयात्रा. दोघंही एकमेकांकडे न बघता, समोरच्या डोंगराला सांगितल्यासारखे बोलत होते. आणि मग पारसभाऊंनी अगदी सहज विचारलं, "विमल, तुझं मन होतं का रे या गिरणीत कधी?"

"नव्हतं, भैया. यंत्रं नवी आली असती तर लागलं असतं, असं वाटायचं. तुमचं?"

"बाबूजी होते तोवर होतं."

पुढचं फार सोपं झालं. इतकं सोपं, की मला लिहवेना. गुजरातचा एक व्यापारी मागंच विचारून गेला होता. जागा आणि यंत्रं त्याला द्यायची. कामगारांचं ज्याचं त्याला नीट द्यायचं. पारसभाऊंनी रावेरला केळीची आडत घालायची, विमलभाऊंनी मुंबईला जायचं. कोणाचा आवाज चढला नाही. इंजिनिअर काहीतरी बोलू गेले, पण भिंतीशी बोलावं तसं झालं. शेवटी दोघं भाऊ हसले. विमलभाऊंनी पारसभाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढं यशस्वी शिबिर मुंबईतसुद्धा कोणाचं झालं नसेल, आग लागो त्या यशाला.

आबांनी त्याच ओळीत पत्रावळी मांडल्या. वरण वाढलं, बट्ट्या वाढल्या. पारसभाऊंनी एक बट्टी डाव्या मुठीनं फोडून धाकट्याच्या पानात टाकली. आबा तुपाचं भांडं घेऊन दोघांपुढं वाकले. "अजून घ्या, विमलभाऊ. लहानपणी किती घ्यायचे तुम्ही." मी मात्र जेवू शकलो नाही. मला माझी भाड्याची खोली दिसत होती, आणि गेटपाशी बसणारे हमाल.

परतीला जीपमध्ये मी तोंड सोडलं. "आबा, काय करून बसलात हे? भांडत होते तेच बरं होतं! निदान गिरणी होती!"

आबा दांडी धरून उभेच होते. मग म्हणाले, "मोठे शेठ बोलले होते, एकत्र बसवजो. मी बसवलं. उठल्यावर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं." आणि मग, बाहेरच्या अंधाऱ्या बागांकडे बघत, "पण हसले ना, भाऊ, दोघं? तू पाहिलं ना?"

मी म्हटलं, पाहिलं.

उन्हाळ्यात गिरणीचा भोंगा बंद झाला. सोनवणे नाशिकला गेला. मला धुळ्याला एका जिनिंगच्या ऑफिसात जागा मिळाली. आबांचं गाव धुळ्यापासून जवळच, पण ते कुठं आहेत, काय करतात, काही कळलं नाही. वेताची खुर्ची मात्र त्या गुजरातच्या व्यापाऱ्यानं इतर सामानाबरोबर नेली, असं ऐकलं.

एका रविवारी दुपारी दारात आबा. हातात केळ्यांची फणी, डोक्यावर तीच टोपी. वाळून गेले होते. पारसभाऊंच्या आडतीवर जाऊन आलो म्हणाले. तिथं काम नव्हतं त्यांना, नुसते भेटून आले होते. विमलभाऊही आले होते मुंबईहून. "दोघं एका बाकावर बसले होते," आबा म्हणाले. ते स्वतः आमच्या चौकटीत उभे. मी त्यांच्यासमोर आरामात खुर्चीवर. आबा उभे असतात, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं.

माझ्या बायकोनं त्यांना पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "अहो आबा, उभे काय? बसा ना."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बसले.

ती आत गेल्यावर मी म्हटलं, "आबा, तुम्ही बसता?"

"बसतो की." त्यांना माझंच नवल वाटलं. "मोठे शेठ रोज सकाळी गादीवर आले का बोलायचे, तोताराम, बस. मंग बसायचो. मालकाच्या पेढीवर कोणी सांगितल्याशिवाय कसं बसायचं, भाऊ? ते गेले. मंग कोणी बोललंच नाही."

"आणि घरी?"

"घरमा कोन शे बोलायले?"

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं विचारल्याचं उत्तर दिलं. अख्ख्या गावाला बसवत फिरलेला माणूस! मी उठलो, माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्या शेजारी नेऊन लावली. समोर आमची गल्ली होती. एक कुत्रं आणि वाळत घातलेली धोतरं. दोघं तिकडे बघत राहिलो. मग आबा हळूहळू बोलायला लागले. वहिनींबद्दल, म्हणजे त्यांच्या बायकोबद्दल. ती पहिल्या बाळंतपणात गेली, हे मला तोवर माहीत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी टोपी घातली. "निघतो. गाडी निघून जाईल."

मी म्हटलं, "जाऊ द्या गाडी. आबा, बसा अजून."

आबांनी टोपी पुन्हा काढली.