रस तुमचा, साल माझी

आमच्या चौकातल्या ज्यूस सेंटरवर रोज पिशवी घेऊन येणारा एक माणूस होता, आणि तो ज्यूस कधीच प्यायचा नाही. "रस तुम्ही प्या, सालटं मला ठेवा," म्हणत बिराजदार सर मोसंबीच्या साली गोळा करायचे आणि पिशवी सायकलला अडकवून कॉलेजकडे निघायचे. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. घरं शेजारी, म्हणून लातुरातले लोक पिशवीचा खुलासा मलाच विचारत.

रंग, ग्रीस विरघळवायला कारखान्यांत वापरतात ती द्रावकं बहुतेक विषारी. वाफ कामगारांच्या छातीत जाते, सांडपाणी विहिरीत. तेच काम सरांना सालींच्या तेलाकडून करून घ्यायचं होतं. त्यात वीस वर्षं गेली. एकदा त्यांनी मला न विचारता माझ्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर प्रयोग केला. मी बाहेर येऊन बघतो तर पाटी कोरी!

"बघा, विषाशिवाय निघालं का न्हाई?" वर मलाच विचारलं. पोलिसाला मी काय सांगितलं ते जाऊ द्या.

कोचिंग क्लासचं नाव काढलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "ते शिकवणं न्हाई, कोंबणं हाय." शिकवायला या म्हणून क्लासवाले दोनदा घरी आले, सरांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यांच्याकडे पीएच.डी.ला एकच मुलगी टिकली, सविता. भूकंपात आईवडील गेले तेव्हा ती तान्ही होती. मामानं वाढवलं. आता मामा अंथरुणाला खिळला, म्हणून तिनं क्लासची नोकरी धरली आणि प्रबंध अडला. महिन्याभरात दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती.

"सर, सुट्टी मागितली की ते दुसरं माणूस बघतेत," ती अंगणात रडत म्हणाली. सर खाली मान घालून साली वाळत घालत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचा डबा पोचवायला मी त्याच क्लासवर गेलो. आत दोनशे पोरं, आणि फळ्यापाशी शर्टाला उलटा माइक लावून बिराजदार सर! तास संपल्यावर ते बाहेर आले, पण माझ्याकडे बघेनात.

"सविता प्रबंध लिहायली. महिनाभर तिच्या बॅचा मी घेतो म्हणलं मालकाला. पगार तिलाच द्या म्हणलं."

"मग?"

"दोन तास बाहेर बाकड्यावर बसवलं. मग हाव म्हणला."

पुढच्या बॅचची पोरं आत शिरत होती. सरांनी माझा हात धरला.

"तिला सांगू नका, कुलकर्णी. मालकानंच सुट्टी दिली असं वाटू द्या. माझ्यामागं टिकलं ते येवढं येकच लेकरू हाय."