सूर्यफुलांची पाठ

"भामा, चैत्रात तू या ओट्यावर काप्पी प्यायला बसशील ना, तेव्हा हजारो तोंडं तुझ्याकडे टक लावून बघत असतील!" हनुमंतरावांनी जाहीर केलं.

"अय्यो! कुणाची?" भामाबाईंनी पदर सावरला.

"सूर्यफुलांची!"

"बरं," म्हणून भामाबाई पुन्हा समोरच्या रिकाम्या शेताकडे बघू लागल्या.

या 'बरं'नेच तर हनुमंतरावांना पोखरलं होतं. देशानं तेव्हा नुकतीच जगाला दारं उघडली होती. त्यांतल्या एका दारातून त्यांची एकुलती एक अखिला कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली आणि इकडे भामाबाईंनी आपलं दार लावून घेतलं. कावेरीकाठच्या तिरुवैयारुतल्या निम्म्या मुलींना गाणं शिकवलेली ही बाई! तिनं शिष्यिणींना घरी पाठवलं, तंबोऱ्याला गवसणी घातली आणि ओट्यावर येऊन बसली. गाण्याचं नाव काढलं की म्हणे, "घसा कोरडा पडलाय हो." अख्खा पावसाळा वाहून गेला, पण घसा कोरडाच!

भात उभं होतं तोवर निदान डोळ्यांपुढे काहीतरी हिरवं डुलत होतं. संक्रांतीनंतर कापणी झाली आणि उरली ती धसकटं. बायको दिवसभर धसकटांकडे बघत बसते, हे कुठल्या नवऱ्याला बघवेल?

"तीळ फेकू या, सार," शेत कसणारा सुब्रमण्यम जांभई देत म्हणाला. "भात कापलं की उरलेल्या ओलीवर तीळ फेकायचे आणि कावेरीला पाणी सुटेपर्यंत झोपायचं. माझ्या आजोबांनी हेच केलं."

"तिळाचं फूल खाली मान घालून बसतं, सुब्रमण्यम. तसं एक माणूस घरात आधीच आहे!"

हनुमंतरावांचं उभं आयुष्य सर्व्हे ऑफिसात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं होतं. त्यांनी काडीनं मातीत नकाशा काढला. पश्चिमेला आपलं घर. मध्ये शेत. पूर्वेला रस्ता, रस्त्याकडेला पिळ्ळैयाराचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, टीचभर देऊळ. सूर्यफूल सूर्याबरोबर फिरतं. सकाळी रस्त्याकडे बघेल, संध्याकाळी घराकडे. म्हणजे ऐन काप्पीच्या वेळी!

नकाशापुढे सुब्रमण्यमही विरघळला. "आणि टीव्हीत बघा ना, सार. सूर्यफुलाच्या तेलात पुऱ्या तळल्या की आख्खं कुटुंब नाचतं. तिळाच्या तेलात कुणाला नाचताना बघितलंय?"

बी पडलं. मोटारीनं पाणी दिलं. रोपं कमरेएवढी झाली, मग छातीएवढी, आणि कळ्या धरल्या. काय त्या आज्ञाधारक कळ्या! सकाळी पूर्वेला, संध्याकाळी झाडून साऱ्या घराकडे. हनुमंतराव ओट्यावर हात मागे बांधून, हेडमास्तरानं प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहत.

"बघ, भामा! हजेरी द्यायला आल्या!"

भामाबाईंनी मान वर केली. "अजून डोळे मिटलेलेच आहेत हो त्यांचे."

चक्क एक सबंध वाक्य! हनुमंतरावांना त्या दिवशी काप्पीत साखर नाही हेसुद्धा कळलं नाही.

आणि शेत फुललं. पिवळंधमक! पण ती संध्याकाळ आली, काप्पी आली, आणि एकही फूल फिरलं नाही. हनुमंतराव वाट बघत राहिले. काप्पीवर साय धरली. दुसऱ्या दिवशी तेच. ओट्यासमोर हजारो हिरव्या पाठी! लग्नाच्या मांडवात सगळे बोहल्याकडे तोंड करून बसलेत आणि आपल्याला जागा मिळालीय मागे आचाऱ्यापाशी, तशी गत! रस्त्याकडून मात्र असा देखावा की टाऊन बस हळू व्हायची, कुंभकोणमची नवी जोडपी फोटोवाल्याला घेऊन उतरायची. सगळ्या जगानं ती तोंडं बघितली. जिच्यासाठी पेरली, तिच्याकडे तेवढी पाठ!

हनुमंतरावांनी शेतकी ऑफिसला फोन लावला.

"कळी फिरते, सार," तिकडून शांत आवाज आला. "एकदा उमललं की पूर्वेला तोंड करून थांबतं. मग नाही फिरत."

"काय म्हणाले?" भामाबाईंनी विचारलं. हनुमंतरावांनी सांगितलं.

"अखिलासारखंच की," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

झालं! औषध म्हणून दिलेलंच नेमकं बाधलं होतं. हनुमंतरावांनी शेतात शिरून एका फुलाची मान हळूच घराकडे वळवून पाहिली. कट्कन मोडली. दुसऱ्याची मोडल्यावर मात्र त्यांच्यातला सर्व्हेयर जागा झाला. फुलाला सूर्य हवा ना? मग सूर्यच घरात आणू!

सकाळी सुब्रमण्यमच्या मदतीनं त्यांनी अखिलाच्या कपाटाचा आरसा उतरवला. सुब्रमण्यम रस्त्यापलीकडे काप्पी प्यायला गेला आणि हनुमंतराव ओट्यावर आरसा छातीशी धरून, सत्काराच्या शालीची वाट बघावी तसे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. सूर्य वर आला. आरशातून झोत निघाला आणि फुलांच्या डोक्यांवरून सुसाट गेला. फुलं जाम हलली नाहीत!

पण पलीकडे रस्त्यावर बस हलायची थांबली.

पिळ्ळैयाराचं ते देऊळ पश्चिमाभिमुख. गाभाऱ्यात सकाळचं ऊन जन्मात कधी शिरलं नव्हतं. आज देव सोंडेपासून पोटापर्यंत झगमगत होता! कंडक्टर उतरला, त्याच्यामागे बस उतरली. "पिळ्ळैयारप्पा!" घंटा सुरू झाली. कापूर पेटला. नारळ फुटला. काप्पीचा पेला टाकून सुब्रमण्यम सर्वांत पुढे गालावर थापट्या मारून घेत होता!

हनुमंतरावांना घाम फुटला. आरसा खाली ठेवावा तर देव विझणार. धरून ठेवावा तर हात भरून आलेले. त्यात दंडावर डास बसला. आरसा हलला, तसा तिकडे देव हलला आणि गर्दीतून हुंदका उठला.

"अहो! हे काय चाललंय?" मागे भामाबाई उभ्या.

"फुलं... तुझ्याकडे वळवत होतो."

भामाबाईंनी आरशाकडे पाहिलं, घामेजलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "आता ते लोक तिथे दानाची हुंडी बसवतील! थांबा, मी सांगून येते."

आणि इतक्या महिन्यांत ओट्याची पायरी न उतरलेल्या भामाबाई चपला सरकवून तरातरा बांधावरून निघाल्या.

घंटा थांबली. आता हसणार सगळे, म्हणून हनुमंतरावांनी डोळे मिटले. पण हसण्याऐवजी शेतावरून काहीतरी वेगळंच तरंगत आलं. आधी बारीक, खरखरीत. मग मोकळं.

भामाबाई गात होत्या!

सांगायला म्हणून त्या देवळाच्या पायरीवर चढल्या, लोकांकडे वळल्या, आणि लोकांच्या मागे त्यांना दिसलं ते शेत. हजारो तोंडं, टक लावून. कुणीतरी गाण्याच्या बाईंना ओळखलं, "पाट्टू टीचर!" म्हणून हात जोडले. मग आरशाचं सांगायचं राहूनच गेलं.

हनुमंतरावांना एवढ्या लांबून इकडून फुलांच्या पाठीच दिसत होत्या. आणि त्या सगळ्या पाठींपलीकडे, त्यांनीच पाठवलेल्या उन्हात, भामेचं तोंड. त्यांनी आरसा अजिबात हलू दिला नाही. दंडावर मग तीन डास जेवून गेले.

फुलांचं बी पुढे पोपटांनी फस्त केलं. तेलाचं नाव नको, सुब्रमण्यमच्या घरी कुणी नाचलं नाही. पण भामाबाई रोज सकाळी देवळात गाऊ लागल्या, दोन शिष्यिणी परत आल्या, आणि हनुमंतरावांना रोज सकाळी ओट्यावर ड्यूटी लागली.

"लोकांना फसवतोय रे आपण," ते एकदा सुब्रमण्यमला म्हणाले.

"छे, सार! सगळ्या गावाला पहिल्याच दिवशी कळलंय. तुम्हाला शिंक आली की पिळ्ळैयार उडी मारतो. लोक अम्मांचं गाणं ऐकायला येतात."

रविवारी अखिलाचा अमेरिकेहून फोन आला. भामाबाई तिच्याशी इतका वेळ बोलल्या की हनुमंतरावांच्या वाट्याला "अप्पा, बरे आहात ना?" एवढंच आलं. बरे आहोत, म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि दुखरा खांदा चोळत विचारलं, "काय गं, मी उद्यापासून आरसा थोडा बसून धरला तर चालेल?"

भामाबाई गवसणी काढून तंबोरा पुसत होत्या. त्यांनी वर न बघता फडकं त्यांच्याकडे फेकलं.

"बसा की. पण आधी आरसा पुसा. आज देव धुरकट दिसत होता."